आजीला केळकर म्युझियममध्ये कसं न्यायचं

पुण्यात राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाने राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा तरी बघितलेलं असतं, शाळेच्या सहलीत नाहीतर बाहेरगावचे पाहुणे आले म्हणून, आणि नंतर विचारलं तर मस्तानी महाल आणि खूप सारे दिवे एवढंच आठवतं. माझंही तसंच होतं. पण गेल्या दीड वर्षात मी आजीला घेऊन तिथे पाच वेळा गेले आणि आता त्या जागेबद्दल मला जे वाटतं ते आधी कुठल्याच म्युझियमबद्दल वाटलेलं नाही. ज्यांच्या घरात पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी हे करावं, आणि पुढच्या वर्षी करू असं म्हणत न बसता याच महिन्यात करावं, असं मला अगदी मनापासून वाटतं म्हणून हे सविस्तर लिहितेय. आमची पहिली फेरी पूर्ण फुकट गेली होती, तुमची जाऊ नये.

आधी हे म्युझियम काय आहे ते थोडक्यात, कारण आजीला नेण्यासाठी हेच का हे त्यातून कळतं. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६चा, सगळे त्यांना काका केळकर म्हणायचे, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे आणि घरचं चष्म्याचं दुकान होतं. साधारण १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं तेच केलं, वाडे, गावं, जुने बाजार पालथे घातले, पत्नी कमलाबाईंची त्यात पूर्ण साथ. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. पुढे सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला, विकला नाही. वीस हजाराच्या वर वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. आणि या वस्तू कसल्या तर अडकित्ते, करंडे, वज्र्या, दौती, कुलपं, दिवे, तांबे, सोऱ्ये, दरवाजे, वाद्यं, खेळणी, म्हणजे लोकांच्या रोजच्या हातातल्या वस्तू, पण कोणीतरी जीव ओतून घडवलेल्या. ज्या काळात घराघरातून पितळ मोडीत निघत होतं, भांडी वजनावर देऊन त्या बदल्यात स्टील घेतलं जात होतं, त्या काळात हा माणूस ते वाचवत होता.

म्हणजे बघा, त्या काचेमागे जे आहे ते आपल्या आजी-पणजीने वापरलंय किंवा वापरताना बघितलंय. आपण नाही. तिथे पाटीवर वस्तूचं नाव असतं, कुठली ते असतं, काळ असतो, पण ती वस्तू धरायची कशी, तिचा आवाज कसा यायचा, ती कोणाच्या हाताला लागू द्यायची नाही, हे पाटीवर मावत नाही, ते ज्यांना माहितीय ती माणसं आता पंचाऐंशीची आहेत.

आता पहिली फेरी कशी फसली ते सांगते. मी रविवारी सकाळी आजीला घेऊन गेले, तिकीट काढलं, आणि पहिल्या दालनापासून सुरुवात करून एकेक पाटी तिला मोठ्याने वाचून दाखवायला लागले, आजी हे बघ, अठराव्या शतकातलं आहे, हे गुजरातचं आहे, हे दक्षिणेचं आहे. ती हो हो म्हणत होती. दोन दालनं झाल्यावर गुडघे दुखायला लागले, बसायला कुठे दिसेना, एका शाळेची सहल आली आणि गोंगाट झाला, तिसऱ्या दालनात तर ती बघतसुद्धा नव्हती, नुसती माझ्या मागे चालत होती. मग म्हणाली, "चल गं घरी, छान आहे सगळं." रिक्षात एक शब्द बोलली नाही. मला वाटलं तिला आवडलं नाही. खरं तर मी तिला बोलायला जागाच ठेवली नव्हती, जिला सगळं माहितीय तिला मी पाट्या वाचून दाखवत होते.

म्हणून पहिलं सांगणं हेच, सगळं म्युझियम बघायचं नाही. एका फेरीत एक दालन, जमलं तर त्यातली दोन कपाटं, बस. तासभर फार झाला. यासाठी आधी तुम्ही एकट्याने एकदा जाऊन या, हे टाळू नका. त्या फेरीत तीन गोष्टी बघायच्या, बसायला कुठे जागा आहे, जिने किती आहेत आणि कठडा कसा आहे, आणि तुमच्या घरच्या माणसाच्या ओळखीचं काय काय कुठल्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघरातल्या वस्तू, दिवे, बायकांच्या शृंगाराच्या वस्तू, पानसुपारीचं सामान, यातलं एक निवडा आणि थेट तिथेच न्या. मस्तानी महाल राहू दे, तो नंतर कधीही बघता येतो.

जायच्या आधी फोन करून विचारून घ्या, वेळ काय, त्या दिवशी उघडं आहे ना, फोटोसाठी वेगळं तिकीट काढावं लागतं का, वयस्कर माणसासाठी खुर्ची मिळेल का किंवा घडीचं स्टूल आत नेलेलं चालेल का. दुसऱ्या वेळी मी आधी विचारलं आणि तिथल्या एका काकांनी स्वतःची खुर्ची आणून दिली, आणि आम्ही जिथे जिथे थांबलो तिथे तिथे ती सरकवली. सुट्टीचे दिवस, दिवाळीची सुट्टी, आणि डिसेंबर-जानेवारीचे सहलींचे दिवस टाळा. मधल्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर दालनात तुम्ही दोघीच असता, आजी मोठ्याने बोलली तरी कोणाला त्रास नाही, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी शांतता ही सगळ्यात मोठी सोय आहे. बाजीराव रोड वन-वे आहे आणि म्युझियम आत नातूबागेत आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला आधीच नीट सांगा म्हणजे म्हाताऱ्या माणसाला रोडवर उतरून चालावं लागणार नाही. आता मंडईपर्यंत मेट्रो आलीय, पण तिथूनही रिक्षाच करा, चालत न्यायच्या भानगडीत पडू नका. चष्मा दोन्ही घ्या, जवळचा आणि लांबचा. आमचा जवळचा चष्मा घरी राहिला होता एकदा आणि अडकित्त्यावरची नक्षी तिला दिसलीच नाही, फार हळहळली.

आता मुख्य गोष्ट, विचारायचं कसं.

"हे काय आहे?" असं विचारलं की एका शब्दात उत्तर येतं. "तांब्या." "समई." संपलं. "हे कशाला वापरायचे?" विचारलं तर दोन शब्दांत येतं. मला तिसऱ्या फेरीत अगदी अचानक सापडलं ते म्हणजे, "तुमच्याकडे हे कुठे ठेवलेलं असायचं?" हा प्रश्न. हा विचारला की माणूस थांबतो, डोळे मिटतो किंवा दुसरीकडेच बघतो, आणि मग बोलायला लागतो, कारण वस्तू कुठे होती हे सांगायचं तर आधी ते घर डोळ्यासमोर आणावं लागतं, कोनाडा कुठे, फडताळ कुठे, मोरी कुठे, मग त्या घरातली माणसं आपोआप येतात. तुम्ही फक्त गप्प बसायचं. हे फार अवघड आहे, मला अजूनही जमत नाही पूर्ण, मधेच बोलायची सवय आहे आपल्याला. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा आणि मगच पुढचा प्रश्न विचारा.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते म्हणजे कळेल. वज्र्यांचं कपाट होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वज्री म्हणजे अंघोळीच्या वेळी टाचा घासायची वस्तू, पितळेची, मुठीत मावेल एवढी, खालून चौकटी चौकटीची खडबडीत आणि वरून धरायला काहीतरी आकार, कुठे मोर, कुठे घोडा, कुठे बसलेली जोडी, काहींच्या पोटात खडे असतात म्हणजे घासताना खुळखुळ वाजतात. टाच घासायच्या वस्तूवर कोणीतरी एवढा मोर घडवलाय, पिसं कोरलीयत, हे बघूनच मला भरून येतं. मी विचारलं, "आजी, तुमच्याकडे कुठे असायची गं ही?" ती खुर्चीत बसली होती. थोडा वेळ काहीच नाही. मग तिचा उजवा हात मांडीवर हलायला लागला, मूठ वळलेली, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि म्हणाली, "बंबाच्या शेजारी कट्टा होता, त्यावर. आमच्या सासूबाईंची होती. पोपट होता वरती. चोच तुटकी."

आजी लग्न होऊन १९५९ला नारायण पेठेतल्या वाड्यात आली, एकोणीस वर्षांची. सासूबाई कडक होत्या, फार बोलायच्या नाहीत, पण दिवाळीत पहिल्या अंघोळीच्या दिवशी त्यांनी स्वतः हिच्या टाचा त्या वज्रीने घासून दिल्या होत्या, पाटावर बसवून, पहाटे अंधारात. "एवढंच," म्हणाली, "पुन्हा कधी नाही. पण तेव्हा दिलं घासून." आणि मग १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं. पुण्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, वाडेच्या वाडे पडले. यांचा वाडा अर्धा गेला. पाणी ओसरल्यावर चिखलात हात घालून घालून शोधलं तर एक घंगाळ, दोन परातींपैकी एक, आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा सापडली. वज्री गेली. ही गोष्ट मी पस्तीस वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. पूर ऐकला होता, दरवर्षी जुलैत ऐकतोच. पण सासूबाईंनी टाचा घासून दिल्याचं नाही. माझ्या वडिलांनीही ऐकलेलं नव्हतं, आणि ती त्यांची सख्खी आजी होती.

ती वज्री ही नव्हे, हे आजीला माहितीय, मलाही माहितीय. पण तेव्हापासून प्रत्येक फेरीत आधी तिला त्या कपाटाशी जायचं असतं, बसायचं असतं दोन मिनिटं, आणि मग पुढे. ते कपाट आता आमचं झालंय असं म्हटलं तरी चालेल.

हातांकडे लक्ष द्या, हे मी त्या दिवशी शिकले. म्हाताऱ्या माणसाला शब्द आठवत नाही पण हाताला आठवतं. रवी दिसली की दोन्ही हात दोरी ओढल्यासारखे हलतात. अडकित्ता दिसला की अंगठा आणि बोटं सुपारी धरतात, आणि बोट पात्यापासून किती लांब ठेवायचं तेही हात दाखवतो. हात हलताना दिसला की लगेच विचारू नका, हलू द्या, मग म्हणा, "मला दाखव ना परत." शक्य असेल आणि परवानगी असेल तर हातांचा व्हिडिओ घ्या, चेहऱ्याचा नाही. चेहऱ्यासमोर मोबाइल धरला की माणूस सावरून बसतो, पदर नीट करतो, आणि टीव्हीवर बोलल्यासारखं बोलायला लागतो. नुसता आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आजीला आधी सांगा की आजी मी हे रेकॉर्ड करतेय हं, हो म्हणू दे, आणि मग फोन खिशात किंवा तिच्या मांडीवरच्या पिशवीवर ठेवून विसरून जा. चोरून करू नका, तिचं बोलणं तिचं आहे.

दुसरं एक दाखवते, करंडे आणि फणेरपेट्या. फणेरपेटी म्हणजे लाकडाची पेटी, झाकणाला आतून आरसा, आत खण खण, फणीला जागा, कुंकवाला, मेणाला. मेण कशाला हे मला माहीत नव्हतं. आजीने कपाळावर बोट टेकवलं आणि म्हणाली, आधी मेणाचं बोट लावायचं गोल, आणि मग त्यावर कोरडं पिंजर, म्हणजे दिवसभर हलत नाही, आणि गोल नीट आला नाही तर सगळं पुसून परत, कारण कुंकू वेडंवाकडं दिसलं तर मोठ्या बायका बोलायच्या. तिच्या आईची पेटी होती, शिसवी, त्यात खाली एक चोरखण होता आणि त्यात आई पैसे ठेवायची, कोणाला न सांगता. काचेमागच्या पेटीला चोरखण आहे का हे आम्ही वाकून वाकून बघत होतो. दिसला नाही. पण आजी खात्रीने म्हणाली, "असणारच. पेटी करणाऱ्याला माहीत असतं बायकांना काय लागतं ते."

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. हे सगळं सामान बऱ्यापैकी खात्यापित्या घरांतलं आहे, नक्षीचा लामणदिवा आणि चांदीचं तबक काही प्रत्येकाकडे नव्हतं. तुमच्या आजीकडे हे नसेल तर तिला अवघडल्यासारखं होऊ शकतं आणि ती "आमच्याकडे नव्हतं बाई असलं काही" म्हणून गप्प बसेल. तिथे थांबू नका. चौथ्या फेरीला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बरोबर होत्या, आजीला धरायला दोन माणसं बरी म्हणून आल्या होत्या. मोठ्या तांब्या-पितळेच्या भांड्यांपाशी आजी बोलत होती, आणि मावशी मागे उभ्या. मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या घरी नव्हती ताई. पण मी घासलीयत अशी. दहा वर्षांची असल्यापासून, आईबरोबर जायची." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आजीलाही माहीत नव्हतं, कुठल्या नक्षीत राख अडकून बसते आणि काडीने काढावी लागते, चिंच कुठल्या भांड्याला आणि माती कुठल्या, कल्हई निघायला लागली की आतून रंग कसा दिसतो, जड हंडा एकटीने उपडा कसा करायचा म्हणजे कंबर धरत नाही. कडेला वेलबुट्टी असलेल्या एका मोठ्या पातेल्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे बघा, ह्याची ही कड. हिवाळ्यात हात फाटायचे या कडेनं." मी त्या भांड्यावरची वेलबुट्टी आता बघते तेव्हा मला ते हातही दिसतात. त्यामुळे वापरलं का एवढंच विचारू नका, घासलं का, दुरुस्त केलं का, विकलं का, कोणाकडे बघितलं, कधी मागायला गेलात का, हे सगळं विचारा. प्रत्येक वस्तूला मालकिणीशिवाय आणखी चार जणांचे हात लागलेले असतात.

शब्दांचं पण लिहून ठेवा. पाटीवर एक शब्द असतो आणि आजीच्या तोंडात दुसरा. आम्ही विळी म्हणतो, मावशी इळी म्हणतात, माझ्या कोकणातल्या मावससासूबाई मोरळी म्हणतात आणि गोव्याकडच्या वहिनी आदोळी म्हणतात. पाटीवरचा बरोबर आणि आजीचा चूक असं काही नसतं. आधी तिचा शब्द लिहा आणि पाटीवरचा त्याच्या खाली. तिच्या गावाचं नाव पण लिहा शब्दाशेजारी.

घरी आल्यावर काय करायचं हे बरेच जण विसरतात. त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी आळस येतो. रेकॉर्डिंग पूर्ण फॅमिली ग्रुपवर टाकू नका, पन्नास मिनिटांचं कोणी ऐकत नाही, ते एका ठिकाणी जपून ठेवा आणि त्यातला दोन-तीन मिनिटांचा एक एक तुकडा कापून पाठवा, बरोबर त्या वस्तूचा फोटो. काचेवर उजेड चमकतो म्हणून फोटो थोडा तिरका उभं राहून घ्यायचा, फ्लॅश मारायचा नाही. मी वज्रीचा तुकडा पाठवला तर नागपूरच्या आत्याचा रात्री फोन आला, ती रडत होती, आणि तिने सांगितलं की तुटक्या चोचीच्या पोपटाबद्दल आजोबा तिला झोपताना गोष्ट सांगायचे, पण तो पोपट खरा होता हे तिला माहीतच नव्हतं. एक साधी वही केलीय मी, प्रत्येक पानावर एक वस्तू, आजीचा शब्द, कोणाची होती, घरात कुठे असायची, कोणत्या साली कशी गेली, आणि सांगताना ती जे वाक्य बोलली ते जसंच्या तसं. तिची वाक्यं सुधारून लिहू नका.

आणि मग माळा काढा. हे अगदी लगेच करा. आमच्याकडे माळ्यावर ते घंगाळ होतं, पुरातून वाचलेलं, आणि आम्ही गेल्या रंगकामाच्या वेळी ते भंगारात द्यायला काढलं होतं, जागा अडते म्हणून. आता ते खाली आणलंय, चिंचेने घासलंय, एका बाजूला पोचा आहे तो तसाच ठेवलाय. आतून घट्ट दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलीय, कोणाचं, कुठून, कसं वाचलं. प्रत्येक जुन्या वस्तूला अशी चिठ्ठी बांधा, शाई पसरणार नाही असं पेन वापरा किंवा पेन्सिल, पेन्सिल जास्त टिकते. फार जुन्या लाकडाला किंवा कापडाला चिकटपट्टी लावू नका, डाग राहतो.

पुण्याबाहेरच्यांनी काय करायचं, तर हेच, तुमच्या जवळच्या म्युझियममध्ये. मुंबईत असाल तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ला लोकांसाठी उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं, तिथे मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्यांमधून तेव्हाच्या मुंबईतले लोक, त्यांचे पोशाख, धंदे केलेले आहेत, आजोबांना पगड्या ओळखायला सांगा. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, आणि शेजारीच राणीची बाग, त्यामुळे बऱ्याच जणांच्या लहानपणीच्या आठवणी तिथे आहेतच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला तुमचे आजोबा अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणत असतील, १९९८पर्यंत तेच नाव होतं, म्हणू देत, "पहिल्यांदा कोणाबरोबर आला होतात?" एवढंच विचारा. साताऱ्याकडच्यांनी औंधला जा, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर १९३८ला बांधलेलं श्री भवानी संग्रहालय, राजाने स्वतः चित्रं काढली आणि स्वतः जमवली, राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प आहे, आणि आसपासच्या गावातली म्हातारी माणसं यात्रेला आली की वर जाऊन म्युझियम बघून यायची. त्यांना कुठलं चित्र आठवतं ते आधी घरी विचारा आणि मग ते शोधायला त्यांच्याबरोबर जा. सिंधुदुर्गातल्या कोणाला केळकरमध्ये आणणार असाल तर चित्रकथीची चित्रं दाखवा, पिंगुळीला ठाकर लोकांनी ती कला अजून जपलीय, रात्री दिव्याच्या उजेडात एकेक चित्र पुढे धरून गाऊन गोष्ट सांगायची, ती ऐकलेलं माणूस चित्रासमोर बसलं तर कदाचित गायलाही लागेल.

परदेशात असलेल्यांसाठी, सुट्टीत आलात की खरेदी आणि लग्नकार्यांतून एक सकाळ काढा आणि मुलांना बरोबर न्या, पण मुलांना आजीशेजारी बसवा, तुम्ही मागे राहा. मुलं जे प्रश्न विचारतात ते आपल्याला सुचत नाहीत. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने आजीला विचारलं, "पणजी, यातलं तुला काय चोरावंसं वाटतं?" मी त्याला गप्प करणार होते, पण आजीने खूप वेळ विचार केला, मोठी नक्षीची समई बघितली, चांदीचं तबक बघितलं, आणि एका अगदी साध्या, बिननक्षीच्या तेलाच्या कावळ्याकडे, म्हणजे तेल ओतायच्या भांड्याकडे, बोट दाखवलं. ते माझ्या डोळ्यांना दिसलंसुद्धा नव्हतं. "ह्याची धार बारीक पडते," म्हणाली, "एक थेंब खाली सांडत नाही. असं मला परत मिळालंच नाही कुठे."

थकवा येतोय का याकडे लक्ष ठेवा. बोलणं कमी झालं, प्रश्नाला हो-नाही यायला लागलं, की बाहेर पडा, उरलेलं दालन तसंच सोडा. पाणी द्या, बाहेर आल्यावर चहा, काहीतरी खायला. आम्ही बाहेर पडलो की आजीला साबुदाणा वडा लागतो, तो ठरलेला आहे. बऱ्याचदा सगळ्यात चांगलं बोलणं या चहाच्या वेळी होतं, त्यामुळे फोन अजून बंद करू नका. रात्री झोपताना कधी कधी आठवणी जास्त येतात आणि त्या सगळ्या चांगल्याच असतात असं नाही, आजी पुराच्या गोष्टीनंतर दोन रात्री नीट झोपली नव्हती. त्या दिवशी तिला एकटं ठेवू नका, शेजारी बसा, ती म्हणाली तर बोला, नाही म्हणाली तर नुसतं बसा. पुढच्या फेरीची घाई करू नका, मधे महिना जाऊ दे.

पाचव्या फेरीनंतर आजीचा गुडघा जास्त दुखायला लागलाय, जिना आता जमणार नाही असं डॉक्टर म्हणाले. वरच्या मजल्यावरचं जे राहिलंय त्याची यादी आम्ही दोघींनी मिळून केलीय. मी जाते, फोटो काढते, घरी येऊन तिच्या कॉटवर शेजारी बसून टॅबवर एकेक मोठं करून दाखवते, आणि ती बोलते. काल वाद्यं झाली. एका सारंगीचा फोटो बघून म्हणाली, तळाशी काय आहे ते दिसत नाही, तू खाली वाकून काढलाच नाहीस. म्हणून बुधवारी परत जायचंय, वाकून फोटो काढायला, आणि तिने सांगितलंय की जाताना वज्रीच्या कपाटापाशी दोन मिनिटं थांबून मगच पुढे जा.